प्लग काढलेला तुमच्या धर्मात चालतो का?

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढलेल्या माणसांनी हा प्रश्न मला नोकरीभर विचारला आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर माझं आडनाव वाचायचे, जरा घुटमळायचे आणि मग हळूच, "सिस्टर, तुमच्या धर्मात प्लग काढलेला चालतो का?" विचारणारे बहुतेक हिंदू, काही मुसलमान, क्वचित जैन. त्यांना ख्रिस्ती धर्माची माहिती नको असायची. आपण जे करायला निघालोय, म्हणजे आपल्या माणसाचं श्वासाचं मशीन बंद करायला, ते पाप तर नाही ना, एवढंच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं असायचं. स्वतःच्या भावकीत हे तोंडातून काढायची सोय नसते. मोठा भाऊ म्हणेल, "बापाला मारायला निघालास?" म्हणून मग परक्या सिस्टरला विचारायचं.

मी वसईची, कॅथलिक. नोकरीची बरीच वर्षं मुंबईतल्या न्यूरो आयसीयूत गेली. आता घरोघरी जाऊन पॅलिएटिव्हचे, म्हणजे बरं होण्याची आशा नसलेले आणि त्रास कमी करायचे रुग्ण बघते, आणि एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे उपचारातले नैतिक पेच सोडवणाऱ्या समितीवर बसते. या प्रश्नाचं उत्तर मी बाकड्यावर नेहमी दोन वाक्यांत दिलं. इथे जरा ऐसपैस देते.

पहिली गोष्ट अशी की "ख्रिस्ती धर्म म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत मशीन चालू ठेवा" हा समज चुकीचा आहे, आणि तो आमच्याच लोकांत जास्त आहे. व्हेंटिलेटरचा शोध लागायच्या चारशे वर्षं आधी स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचा डॉमिनिकन धर्मगुरू शिकवत होता. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. आजाऱ्याला अन्न जात नाही, घास गिळणंही त्याला यातना वाटते, तर न खाल्ल्याचं पाप त्याच्या माथी येतं का? व्हितोरिया म्हणाला, नाही. वैद्याने कोंबडी खायला सांगितली म्हणून ती खाल्लीच पाहिजे असंही नाही. आणि जीव वाचवण्यासाठी सगळी वडिलोपार्जित मिळकत घालवायची सक्ती माणसावर नाही. सोळाव्या शतकातलं हे म्हणणं पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडची वाडी उभी राहिली. बावखलासकट, म्हणजे वाडीतल्या तळ्यासकट, नारळी-केळींसकट विकलेली वाडी. पैसे आयसीयूच्या बिलात गेले, आणि माणूसही गेला. अशी घरं मी बघितली आहेत. त्या मुलांना कुणीतरी व्हितोरियाचं वाक्य वेळेवर सांगायला हवं होतं.

१९५७ च्या नोव्हेंबरमध्ये पोप बारावे पायस यांच्यापुढे भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न नव्या रूपात ठेवला. श्वास देणारी यंत्रं तेव्हा नुकतीच आली होती. पोपनी जुनंच सूत्र पुढे नेलं. साधारण उपाय करणं कर्तव्य आहे, पण स्वतःवर किंवा दुसऱ्यावर भारी ओझं टाकणारे उपाय कर्तव्य म्हणून लादता येत नाहीत. "दुसऱ्यावर" हे मला फार मोलाचं वाटतं. घरच्यांचं ओझं मोजणं म्हणजे स्वार्थ, असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. चर्चने ते मोजायला परवानगी दिली आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोपनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. वेदना दुसऱ्या कशाने थांबत नसतील तर तीव्र वेदनाशामक द्यावं, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी. म्हणजे मॉर्फीन. इकडे आपल्या देशात मॉर्फीनवरची जाचक बंधनं सैल व्हायला २०१४ ची कायदादुरुस्ती यावी लागली. तोवर कॅन्सरचे किती रुग्ण दात आवळून गेले असतील!

दुसऱ्या बाजूला सीमारेषाही पक्की आहे. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं चर्चला मान्य नाही, कितीही दयेपोटी असलं तरी. मलाही मान्य नाही. मृत्यू येऊ देणं आणि मृत्यू घडवणं यांत फरक आहे, असं आमची परंपरा सांगते. शिकलेली पुष्कळ माणसं म्हणतात की हा शब्दांचा खेळ आहे, शेवटी माणूस मरतोच. हा फरक मला कधी खराखुरा पटला असेल तर तो एका वारकरी आजींमुळे.

त्यांचे मालक गिरणीतून निवृत्त झालेले. मेंदूत मोठा रक्तस्राव, गळ्याला ट्रेकिओस्टॉमी म्हणजे श्वासासाठी छेद देऊन घातलेली नळी, व्हेंटिलेटर, शुद्ध नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले. डॉक्टरांनी मुलांना बोलावून सांगितलं की आता सुधारणा नाही. मीही त्या बैठकीत होते. दोन्ही मुलगे गप्प. आजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या, गळ्यात तुळशीची माळ, हातात मालकांची माळ. आयसीयूत काढून ठेवलेली ती माळ त्या पदराच्या टोकाला बांधून फिरायच्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मशीन काढा असं मी म्हणत नाही. ह्यांना घरी न्या म्हणते."

धाकटा म्हणाला, "आई, म्हणजे तेच झालं ना."

"तेच नाही. मशीन काढा म्हणजे मारा. घरी न्या म्हणजे घरी न्या. तिथं जायचे असतील तर जातील, राहायचे असतील तर राहतील. ते मी ठरवणार नाही आणि डॉक्टरही नाही."

थॉमस अक्विनाससारख्यांनी हेतू आणि परिणाम यांच्यातल्या फरकावर पानंच्या पानं लिहिली आहेत. आजींनी त्यांतलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. पण डॉक्टर मान डोलावत होते आणि मीही. आम्हा तिघांचे देव वेगळे आणि मरणानंतरचा हिशोबही वेगळा. त्या खोलीत त्याने काही अडलं नाही.

पुढे ते कसं झालं तेही सांगायला हवं, कारण कायद्याची गुंतागुंत तिथेच दिसते. त्या काळात बहुतेक ठिकाणी एकच वाट होती, डामा. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्याच्या कागदावर नातेवाइकांची सही. सल्ला डॉक्टरांचाच असायचा, मनातून सगळ्यांना मान्य असायचा, तरी कागदावर मात्र नातेवाइकांनी तो मोडलेला असायचा. एकमताने घेतलेल्या चांगल्या निर्णयाला खोट्याचं पांघरूण. मुलाच्या मनात ती सही जन्मभर सलते. आजींच्या मालकांना घरी नेताना मॉर्फीन, सक्शनचं मशीन आणि रोज घरी येणारी नर्स यांची व्यवस्था झाली, म्हणून ते शांतपणे गेले, हरिपाठ ऐकत. पण अशी व्यवस्था किती जणांच्या नशिबात असते? बाकीचे डामा घेऊन जातात आणि रिक्षा-टेम्पोत धापा टाकत जातात. हे मला कुठल्याही तात्त्विक वादापेक्षा मोठं पाप वाटतं.

ख्रिस्ती माणसांनी या बाबतीत केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं मला विचाराल, तर मी कुठल्याही दस्तऐवजाचं नाव घेणार नाही. १९६७ मध्ये लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाला टेकलेल्यांची शेवटपर्यंत काळजी घेणारं घर, सुरू केलं, ते काम मी सांगेन. बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. अँग्लिकन पंथाच्या, श्रद्धा अगदी पक्की. माणसाची वेदना शरीराबरोबर मनाची, घराची आणि आत्म्याचीही असते, आणि ती सगळी एकत्र बघायची असते, हे त्यांनी जगाला शिकवलं. १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं केलं. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस. तिथे होली क्रॉसच्या सिस्टर्स सेवा करतात. आणि खाटांवर सगळ्या धर्मांची माणसं असतात.

आता एथिक्स कमिटीविषयी. या समित्यांच्या जन्मकथेत एक कॅथलिक घर आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७५ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत कॅरन अ‍ॅन क्विन्लन ही २१ वर्षांची मुलगी कोमात गेली. आईवडील पक्के कॅथलिक. त्यांनी आपल्या पॅरिशच्या फादरांचा सल्ला घेतला, आणि फादरांनी त्यांना १९५७ चं पोपचं म्हणणं समजावून सांगितलं. मग वडिलांनी व्हेंटिलेटर काढायची परवानगी मागितली. डॉक्टरांनी नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीने अशा प्रकरणात लक्ष घालावं ही कल्पना त्याच निकालाने पुढे आणली. यंत्र काढल्यावर कॅरन स्वतःच श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. इतकी वर्षं आईवडिलांनी तिचं नळीतून भरवणं चालू ठेवलं. ते थांबवायची मागणी त्यांनी कधीच केली नाही. ज्यांनी यंत्र काढायला कोर्टाची पायरी चढली, त्यांनीच अन्न बंद केलं नाही. मला हे आईवडील फार जवळचे वाटतात.

त्याच सुमारास अमेरिकेत संशोधनातल्या नैतिकतेवर एक राष्ट्रीय आयोग बसला होता. टस्कीगीत काळ्या पुरुषांचा सिफिलिस मुद्दाम उपचाराविना ठेवल्याचं १९७२ मध्ये उघडकीला आलं होतं, त्यानंतरचा हा आयोग. त्यावर डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ, धर्मशास्त्राचे अभ्यासक अशी नाना प्रकारची माणसं होती. आधी येसूसंघी (जेझुइट धर्मगुरू) असलेले अल्बर्ट जॉन्सन त्यांतलेच एक. स्टीफन टूलमिन हे तत्त्वज्ञ आयोगाबरोबर काम करत होते. पुढे या दोघांनी आपलं निरीक्षण लिहून ठेवलं. एखादं नेमकं प्रकरण समोर असलं की, म्हणजे लहान मुलांवर अमुक प्रयोग करावा का, कैद्यांवर तमुक औषध वापरून बघावं का, तर आयोगाचं बहुतेक वेळा एकमत व्हायचं. "का?" असं विचारलं की मात्र फाटे फुटायचे. त्याच्याही आधी, १९४७ च्या सुमाराला, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू असताना फ्रेंच कॅथलिक विचारवंत जाक मारितँ यांनी अशीच एक गोष्ट नोंदवली होती. परस्परांच्या विचारसरणीचे हाडवैरी हक्कांच्या यादीवर सहमत झाले, त्यांची अट एकच होती की "का" म्हणून विचारू नका.

माझा अनुभव अगदी असाच आहे. पण यातून काही जण काढतात तो निष्कर्ष मला पटत नाही. ते म्हणतात, मग कारणं घरी ठेवून या, धर्म दाराबाहेर चपलांशेजारी काढा आणि आत फक्त निर्णयाचं बोला. आमच्याही कमिटीत हा सूर निघतो. कुणी "देवाने दिलेला जीव" म्हटलं की टेबलाभोवती अवघडल्यासारखं होतं. आणि "रुग्णाची स्वायत्तता" म्हटलं की सगळे निर्धास्त. जणू तो शब्द कुठल्याही श्रद्धेतून आलेलाच नाही! एक माणूस आपल्या शरीराचा संपूर्ण मालक आहे, हीसुद्धा श्रद्धाच आहे. आजींना ती मान्य नव्हती. मलाही पूर्ण मान्य नाही. माझ्या मते आपलं शरीर आपल्याकडे सांभाळायला दिलेलं आहे. हे मी कमिटीत स्पष्ट बोलते. माझं कारण समोरच्याने स्वीकारावं अशी माझी अट नसते, पण ते त्याला कळलं पाहिजे, म्हणजे मी उद्या कुठे अडून बसेन हे त्याला आजच ठाऊक होतं. लपवलेलं कारण ऐन वेळी बाहेर येतं आणि मग विश्वास उडतो.

अडून बसण्याची जागा म्हणजे अन्न.

अरुणा शानबाग यांच्याबद्दल महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. केईएमची नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच वॉर्डबॉयने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून हल्ला केला, आणि मग १८ मे २०१५ पर्यंत त्या केईएममध्येच होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांना या यातनेतून सोडवा अशी ती मागणी होती. विराणींनी अरुणाची कहाणी जगापुढे आणली, त्यांच्या कळकळीवर मी कधीच शंका घेतलेली नाही. पण अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. काढण्यासारखं यंत्रच नव्हतं. बंद करायचं झालं तर अन्नच बंद करावं लागलं असतं. त्यांना आधी पातळ कालवून भरवत, पुढे नळीने. मासे किंवा चिकन सूप त्यांना आवडतं, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं होतं. ७ मार्च २०११ च्या निकालात याचिका फेटाळली गेली, आणि त्याच निकालाने देशात निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट काही अटींवर उघडली. केईएमच्या नर्सेसनी त्या दिवशी पेढे वाटले.

त्या पेढ्यांवरून तेव्हा बरीच टीका झाली. बाई अंथरुणाला खिळलेली आणि या आनंद साजरा करतात, असं लोक म्हणाले. ज्यांनी कधी आरटी फीड, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने अन्न, दिलेलं नाही त्यांना ते पेढे कळणार नाहीत, असं मला वाटतं. आधी खाटेचं डोकं वर करायचं. नळी पोटातच आहे ना ते तपासायचं, सिरिंजने ओढून मागचं फीड किती उरलंय ते बघायचं. मग दट्ट्या काढून सिरिंज उभी धरायची आणि कोमट फीड ओतायचं. ढकलायचं नाही, ते आपल्या वजनाने उतरू द्यायचं. हात वर धरून धरून खांदा भरून येतो. त्या वेळात तुम्ही बोलता, "बघा हं, आज भाताची पेज आहे, जरा मीठ जास्त झालंय." वर पाणी सोडून नळी साफ करायची, आणि अर्धा तास तरी रुग्णाला आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, टाचा बघायच्या. एवढी दशकं अरुणाच्या अंगावर बेडसोअर नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं आहे. ज्या मुली अरुणावर हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या, त्याही हे करत राहिल्या. त्या कोणत्या धर्माच्या होत्या हे कुणी विचारलं नाही. आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ च्या मार्चमध्ये जे सांगितलं तेच त्यांनी केलं, तेही वर्षानुवर्षं आधीपासून. नळीने दिलेलं अन्नपाणी हे तत्त्वतः अन्नपाणीच आहे, साधारण काळजीचा भाग आहे, उपचार म्हणून काढून घ्यायची ती गोष्ट नाही, असं पोप म्हणाले होते.

"तत्त्वतः" म्हणाले, हेही लक्षात ठेवायला हवं. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न घेत नाही. दिलेलं फीड तसंच परत येतं, छातीत जातं, पाय सुजतात. तेव्हा घरचे "उपाशी मारू नका" म्हणून आग्रह धरतात आणि मला त्यांना थांबवावं लागतं. ज्या अन्नाने पोषण होत नाही ते द्यायचं बंधन नाही, हे चर्चनेच २००७ मध्ये खुलासा करून सांगितलं आहे. स्वतः जॉन पॉलही एप्रिल २००५ मध्ये रुग्णालयात न जाता आपल्या खोलीतच गेले.

इथे विनोबा आठवतात. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर ८७ वर्षांच्या विनोबांनी औषध सोडलं, अन्नपाणी सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. याच माणसाने ख्रिस्ताच्या शिकवणीचं सार काढून पुस्तक केलं होतं. कॅथलिक म्हणून मी त्यांच्या मृत्यूला काय म्हणू? व्हितोरियाच्या आजाऱ्याला ज्या न्यायाने मोकळीक मिळाली, त्याच न्यायाने औषध सोडणं मला मान्य आहे. पाणी सोडणं, मरण जवळ यावं म्हणून सोडणं, तिथे माझी वाट वेगळी होते. जैनांच्या संथाऱ्याबद्दल, म्हणजे मरणापर्यंत अन्नपाणी सोडण्याच्या व्रताबद्दलही तसंच. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली ते बरं झालं. मी एका जैन आजींचं शेवटचं दुखणं जवळून पाहिलं आहे. आत्महत्या करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जे असतं ते त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. माझ्या धर्माने मी तसं करणार नाही, पण त्यांना गुन्हेगार म्हणणाऱ्यांत मी नाही.

उपयोग नाही म्हणून जीव संपवण्याची भाषा आली की मात्र माझी तडजोड संपते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन भर प्रवचनात उभे राहिले आणि मनोरुग्णांना, अपंगांना सरकार ठार मारतंय हे उघड बोलले. हिटलरच्या राज्यात! "काम न करणाऱ्याला जगायचा हक्क नाही हे एकदा मान्य केलंत, तर म्हातारपणी आपलं सगळ्यांचं काय होईल?" असा त्यांचा प्रश्न होता. आयसीयूच्या बाकड्यावर मला कधीकधी अगदी सभ्य भाषेत तोच हिशोब ऐकू येतो. "आता ह्यांचा काय उपयोग?" ओझं किती ते जरूर विचारा, मी तुमच्याबरोबर बसून मोजीन. उपयोग विचारू नका.

एकमताचं आणखी एक उदाहरण मला अभिमानाचं वाटतं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. त्यासाठी मुंबईच्या स्त्रीवादी कार्यकर्त्या आणि डॉक्टर काही वर्षं झगडले. या बायका गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या, आणि माझं चर्च गर्भपाताच्या पूर्ण विरोधात. दोघांचं मूळ कारण एकमेकांना छेद देणारं, तरी मुलगी म्हणून गर्भ पाडणं अन्याय आहे यावर दोन्हीकडे शंका नाही. १९९४ मध्ये देशभराचा कायदा आला. आमच्या मैत्रिणींत यावर आजही कडाडून वाद होतात, आणि सोनोग्राफी सेंटरची तक्रार करायची वेळ आली की सगळ्या एकाच रिक्षात बसतो.

पण सगळीकडे असं जमत नाही, आणि जमल्याचा देखावा मला करायचा नाही. आयव्हीएफ घ्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाची पद्धत. १९८७ च्या दस्तऐवजात चर्चने स्पष्ट नकार दिला. मूल पतिपत्नीच्या मीलनातून यावं, प्रयोगशाळेत घडवू नये, आणि उरलेले भ्रूण गोठवणं किंवा टाकणं म्हणजे जीवाची हेळसांड. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळी हे मानत नाहीत, म्हणजे ख्रिस्ती ख्रिस्तीतच एकमत नाही. आणि आमच्या कॅथलिक गावांत? रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसणाऱ्या जोडप्यांनी आयव्हीएफ केलेलं आहे. फादरांनाही ते ठाऊक असतं आणि ते त्या बाळांना आनंदाने बाप्तिस्मा देतात. योग्यच करतात. १९७८ मध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, जन्मली तेव्हा कार्डिनल लुचियानी, जे महिन्याभरात पोप झाले, त्यांनी पद्धतीबद्दल शंका ठेवूनही बाळाला शुभेच्छा दिल्या होत्या आणि आईवडिलांना दोष द्यायला नकार दिला होता.

६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. त्याच दिवशी, त्याच रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक ४ च्या शेजारच्या खोलीत अरुणाला कुणीतरी भरवत होतं. मी या दोन गोष्टी एकत्र मांडते तेव्हा माझी भाची चिडते. ती स्वतः डॉक्टर आहे आणि तिचा मुलगा आयव्हीएफचा. "आत्या, म्हणजे तुझ्या मते अरुणाचं जगणं पवित्र आणि माझ्या मुलाचं येणं चुकीचं?" मी म्हणते, तुझ्या मुलाचं असणं पवित्रच आहे, त्यात काय वाद? पण तुझे जे दोन भ्रूण गोठवून ठेवलेत, त्यांचं काय करणार आहेस ते सांग. ती म्हणते, "ते पेशी आहेत." मी म्हणते, नाहीत. इथे आमच्यात मधली वाट निघत नाही. अर्धा जीव असं काही नसतं. मला माझं म्हणणं सोडता येत नाही आणि तिला तिचं, आणि कायद्याने माझं म्हणणं तिच्यावर लादावं असंही मला वाटत नाही. मी तिला एवढंच मागितलं आहे की टाकून देण्याआधी मला कळव, म्हणजे मी प्रार्थना करीन. तिने ते कबूल केलं.

आता कामाचं. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. वेळ आली की आधी रुग्णालयातलं एक डॉक्टरांचं मंडळ आणि मग दुसरं मंडळ पाहतं, आणि प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. डामाच्या खोट्या सहीची गरज यामुळे संपायला हवी. मी आमच्या धर्मग्रामात हे सांगत फिरते, तर अजूनही म्हातारी माणसं विचारतात, "बाय, हे केलं तर फादर मातीला येतील ना?" येतील. हे दयामरण नव्हे.

माझं स्वतःचं लिव्हिंग विल मराठीत आहे. शुद्ध परत येण्याची आशा नाही असं दोन्ही मंडळांनी ठरवलं तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छातीवर दाबून परत आणणं नको. वेदना असेल तर मॉर्फीन द्यावं, झोप लागली तरी चालेल. शरीर घेत असेल तोवर नळीने अन्नपाणी द्यावं, घेईनासं झालं की थांबवावं. फादरांना वेळेवर बोलवावं. घराची जागा विकू नये. अन्नाच्या कलमावर माझ्या मुलाने हरकत घेतली. त्याला ते माझे हाल लांबवणारं वाटतं. आम्ही बराच वेळ बोललो, त्याचं मत बदललं नाही. तरी सांभाळणाऱ्यांत पहिलं नाव त्याचंच आहे आणि दुसरं भाचीचं, आणि दोघांनी सह्या केल्या आहेत.